चिकटावे, पण सोलू नये
(जे. पी. नगर येथील आपल्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. तरी आज जखमेच्या पट्टीवर बोलणार आहे. मागच्या चतुर्थीला उकडीचे मोदक काढताना आमच्या आईचा हात वाफेने भाजला. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला मीच बसलो आणि सुकून बसलेले गॉज एका झटक्यात ओढले. नुकती धरलेली कोवळी कातडी गॉजबरोबर निघून आली. आई काही बोलली नाही, पण चूक माझीच होती. जखम कोरडी राहिली की लवकर भरते, अशी माझी समजूत.

ही समजूत १९६२ सालीच खोटी ठरली होती. इंग्लंडमधील जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांत दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने येते. नव्या पेशींना सरकायला ओल लागते. कोरडी खपली त्यांची वाट अडवते.

ही ओल टिकवते ते हायड्रोजेल. चायना ग्रासची वडी आठवा : बहुतेक पाणीच, पण जाळ्यात धरलेले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलपासून अशी पट्टी तयार केली. किरणांच्या माऱ्याने रेणूंचे जाळे विणले जाते आणि त्याच वेळी पट्टी निर्जंतुकही होते. तिच्यात किरणोत्सर्ग उरत नाही. ती जखमेला गारवा देते, पारदर्शक असल्याने आतले दिसते, आणि काढताना कातडी सोलत नाही.

आपल्या नैवेद्याचे केळीचे पानही याच कामी आले आहे! मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांवर निर्जंतुक केलेल्या पानांची पट्टी वापरली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हॅसलीन गॉजपेक्षा वेदना कमी आढळल्या. मात्र घरचे पान धुऊन लावू नका. ते निर्जंतुक नसते.

शेवटी एवढेच लक्षात ठेवा. भाजल्यास वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई नको. जखम खोल, मोठी किंवा फार पाझरणारी असेल, तर पट्टी डॉक्टरांनीच ठरवावी. आणि गॉज चिकटलेच, तर सलाईनने भिजवून हळूहळू सोडवा.

आईचा हात आता बरा आहे. यंदाचे मोदकही तिनेच केले. उकडीच्या भांड्याचे झाकण तेवढे मी काढले.

गणपती बाप्पा मोरया!