कादंबरीतील निवेदक आणि पडद्यावरील सूर

एखाद्या कादंबरीवरून चित्रपट तयार झाला की मूळ कृतीतील कोणते प्रसंग राहिले, कोणते गाळले गेले, याची चर्चा बहुधा होते. नायिका वाचकांच्या मनातील नायिकेसारखी दिसते की नाही, यावरही वाद झडतात. परंतु या स्थित्यंतरात जे जवळजवळ हमखास नाहीसे होते त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. नाहीसा होतो तो निवेदक. पात्राच्या मनात काय चालले आहे हे सांगणारा, मध्येच त्याची थट्टा करणारा, क्वचित त्याच्या वतीने उसासा टाकणारा तो आवाज पडद्यावर ऐकू येत नाही. कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, मन दिसत नाही.

जुन्या काळातील प्रेमकथांच्या बाबतीत ही अडचण अधिकच बिकट होते, कारण त्या कथांतील माणसांना बोलण्याची मुभाच नसते. १८०० च्या सुमारास इंग्लंडच्या एखाद्या खेड्यात राहणाऱ्या उपवर मुलीने आपले मन उघड करणे शिष्टसंमत नव्हते. १८८० च्या कलकत्त्यातील एखाद्या विवाहितेला आपल्या मनातील खळबळ स्वतःशी कबूल करणेही कठीण होते. लखनौच्या गणिकेची तऱ्हा उलटी. प्रेमाची भाषा बोलणे हाच तिचा व्यवसाय. ती भाषा तिने कधी खरेपणाने उच्चारली तरी तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? कादंबरीकार अशा वेळी दोन वाक्यांत सारे सांगून मोकळा होतो. दिग्दर्शकाला तसे करता येत नाही, म्हणून तो संगीतकाराकडे वळतो. अशा चित्रपटांतील संगीत प्रेक्षकांना इतके का भावते, चित्रपटाची कथा विसरल्यावरही ते मनात का रेंगाळते, याचे कारण येथे शोधावयास हवे. निवेदकाची रिकामी झालेली जागा ते भरून काढत असते.

सामान्यतः याचे कारण निराळे सांगितले जाते. ते संगीत आपल्याला त्या काळात घेऊन जाते, असे म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. १९७५ साली स्टॅन्ली क्यूब्रिक यांनी थॅकरेच्या १८४४ मधील कादंबरीवरून ‘बॅरी लिंडन’ हा चित्रपट काढला. कथा अठराव्या शतकातील. रात्रीचे प्रसंग केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित करता यावेत म्हणून त्यांनी खास भिंगे मिळवली होती. काळाच्या तपशिलाबाबत इतका काटेकोर दिग्दर्शक विरळाच. तथापि बॅरी आणि लेडी लिंडन पत्त्यांच्या डावावरून एकमेकांकडे पाहतात आणि नंतर रात्री सज्जात भेटतात, तेव्हा ऐकू येते ती शूबर्टची पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांसाठी केलेली रचना. ही रचना १८२७ मधील, म्हणजे त्या भेटीनंतर सुमारे अर्ध्या शतकाने जन्मलेली. अठराव्या शतकातील संगीत पुष्कळ ऐकूनही त्यात प्रेमाच्या शोकात्मतेचा सूर आपल्याला सापडला नाही, असे क्यूब्रिक यांचे स्पष्टीकरण होते. या चित्रपटात निवेदक शिल्लक आहे, तोही थंड आणि तिरकस बोलणारा. पण चुंबनाच्या क्षणी कोणीच काही बोलत नाही. तेथे शूबर्ट बोलतो. प्रेक्षकाला कालविपर्यास खटकत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने कान टवकारावेत, पण त्यालाही बहुधा तो ऐकतच राहावासा वाटेल.

जेन ऑस्टिनच्या १८१३ मधील ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वरून जो राइट यांनी २००५ मध्ये केलेला चित्रपट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. संगीतकार दारिओ मारियानेल्ली यांनी बेथोव्हनच्या सुरुवातीच्या पियानो सोनाटांपासून आरंभ केला. नृत्याच्या प्रसंगासाठी त्यांनी पर्सेलची १६९५ मधील एक चाल घेतली. पात्रांच्या दृष्टीनेही ती शंभर वर्षांची जुनी चाल होती, म्हणून एखाद्या ग्रामीण समारंभात ती शोभून दिसते. चित्रपटाच्या आरंभी एलिझाबेथ पहाटेच्या उजेडात पुस्तक वाचत शेतातून घरी येते, तेव्हा पियानोचे स्वर जणू आकाशातून येत असतात. घराजवळ पोचल्यावर कळते की धाकटी बहीण आत पियानोचा सराव करीत बसली आहे. पार्श्वसंगीत आणि घरातला आवाज यांची सरहद्द अशी पुसली जाते. पुढे डार्सीच्या वाड्यात ती हिंडत असताना कोठूनसा पियानो ऐकू येतो. ती दाराच्या फटीतून पाहते तो डार्सीची बहीण तन्मयतेने वाजवीत बसलेली. ज्या घराची मालकीण होण्यास तिने नकार दिला होता त्या घराचे अंतरंग तिला प्रथम कळते ते असे, कानांवाटे. कादंबरीत हे काम ऑस्टिनने दीर्घ वर्णनाने आणि वाड्यातील जुन्या कारभारणीच्या साक्षीने केले आहे.

पण या देवघेवीत काही हरवतेही. ऑस्टिनची निवेदिका प्रेमावर विश्वास ठेवते आणि त्याच दमात त्यामागचा जमीनजुमला, वार्षिक उत्पन्न, वारसाहक्काचे कायदे यांचा हिशेबही मांडते. तिचा उपरोध हाच तिच्या लेखनाचा प्राण आहे. पियानोला तो उपरोध वाजवता येत नाही. संगीत ओढ व्यक्त करू शकते, हुरहूर व्यक्त करू शकते. वर्षाला दहा हजार पौंडांचा हिशेब मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचा. त्यामुळे पडद्यावरील ऑस्टिन ही कागदावरील ऑस्टिनपेक्षा अधिक हळवी भासते, आणि हा दोष केवळ दिग्दर्शकांच्या माथी मारता येणार नाही. संगीत निवेदकाच्या जागी बसते तेव्हा ते त्याच्या दोन आवाजांपैकी एकच उचलते.

संगीताला दुसरा आवाज कधीच साधत नाही काय? श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. १९६४ मध्ये सत्यजित राय यांनी रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ या १९०१ मधील दीर्घकथेवरून ‘चारुलता’ हा चित्रपट केला. त्यापूर्वीच्या चित्रपटांसाठी त्यांनी रविशंकर, विलायत खाँ, अली अकबर खाँ यांच्यासारख्या थोर वादकांचे साहाय्य घेतले होते. १९६१ मधील ‘तीन कन्या’पासून मात्र ते स्वतःच संगीतरचना करू लागले. मोठा वादक हा मुळात राग मांडणारा असतो. दृश्य किती सेकंदांचे आहे, नायिकेची मान कोणत्या क्षणी वळते, हे तोलून स्वर बेतणे हा निराळाच उद्योग आहे, आणि तो राय यांना स्वतःच करावासा वाटला.

राय यांनी कथेचा काळ १८७९-८० असा निश्चित केला. भूपती हा सधन, सुशिक्षित गृहस्थ. इंग्रजी वर्तमानपत्र चालविण्यात गढलेला. त्याची पत्नी चारु मोठ्या घरात एकटी. आरंभीची काही मिनिटे संभाषण जवळजवळ नाहीच. ती एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे जाते आणि नाटकगृहात वापरावयाच्या छोट्या दुर्बिणीतून रस्ता पाहते. माकडवाल्याचे डमरू वाजते, पालखीच्या भोयांचा हुंकार येतो आणि विरतो. हे आवाज म्हणजे तिचे जगाशी असलेले एकमेव नाते. नवरा पुस्तकात डोके घालून तिच्याजवळून निघून जातो. ती त्यालाही त्याच दुर्बिणीतून पाहते. रवींद्रनाथांनी जे निवेदनातून सांगितले होते ते येथे रस्त्यावरच्या आवाजांनी आणि थोड्या वाद्यांनी सांगितले आहे.

मग वादळाबरोबर अमल येतो. तो भूपतीचा आतेभाऊ, नात्याने चारुचा दीर. कवितेचा नाद असलेला, गाणारा, हसवणारा. बागेतील प्रसंगात चारु झोपाळ्यावर बसून ‘फुले फुले’ हे रवींद्रनाथांचे गीत गुणगुणते. या गीताची चाल मूळची स्कॉटलंडची. रॉबर्ट बर्न्स याच्या एका प्रसिद्ध गीताची ती चाल होय. १८७८ ते १८८० या काळात तरुण रवींद्रनाथ इंग्लंडमध्ये होते. परतल्यावर त्यांनी तिकडच्या चालींवर बंगाली शब्द बसविले, आणि हे गीत त्यांच्या ‘कालमृगया’ या १८८२ मधील संगीतिकेत आले. म्हणजे काटेकोरपणे पाहता चारु हे गीत दोनतीन वर्षे आधी गात आहे. तरी त्याहून खरे गीत तिच्या तोंडी देणे कठीण होते. भूपतीच्या दिवाणखान्यात ग्लॅडस्टनच्या विजयाचा आनंद साजरा होतो, कपाटात बंकिमचंद्र असतात. त्या घराच्या झोपाळ्यावर स्कॉटिश चालीतले बंगाली शब्द हेच त्या युगाचे यथार्थ चिन्ह आहे. वर्ष चुकले, काळ चुकला नाही.

ती चाल पुढे वाद्यांतून परत येते, कधी मंद, कधी अर्धवट तुटलेली. शब्द नसतात, पण झोपाळ्यावरचा तो दिवस चारुला आठवतो आहे हे प्रेक्षकाला उमगते. उपरोधाचा खरा कस मात्र दुसऱ्या गीतात लागतो. अमल ‘आमि चिनि गो चिनि’ हे गीत गातो. पडद्यामागचा आवाज किशोर कुमार यांचा. हेही रवींद्रनाथांचेच, १८९५ च्या सुमाराचे. त्यात एका परदेशी स्त्रीला उद्देशून ओळख सांगितली आहे. अमल ते थट्टेच्या सुरात, वहिनीची गंमत करीत गातो. त्याला ती गंमतच वाटते. ऐकणारी मात्र त्या शब्दांत स्वतःला शोधते. गाणारा एक म्हणतो, ऐकणारी दुसरे ऐकते, आणि दोहोंमधील अंतर फक्त प्रेक्षकाला दिसते. निवेदकाचा उपरोध म्हणजे तरी याहून दुसरे काय असते? राय यांनी तो वाद्यांकडून वाजवून घेतला नाही. गाणे कोणी, कोणासमोर आणि कोणत्या समजुतीने गायचे, एवढेच त्यांनी ठरविले.

‘उमराव जान’ या १९८१ मधील चित्रपटाचा प्रश्न अधिक अवघड होता. मिर्झा हादी रुसवा यांच्या १८९९ मधील ‘उमराव जान अदा’ या कादंबरीत निवेदक बाहेरचा कोणी नाही. स्वतः उमरावच आहे. उतारवयात ती रुसवांना आपली कहाणी सांगते. मध्येच ते काही विचारतात, ती कोपरखळी मारते, स्वतःच्या चुकांवर हसते, पुरुषांच्या शपथांची किंमत सांगते. फैजाबादहून पळवून आणलेली आणि कोठ्यावर विकलेली ही मुलगी आपल्या दुःखाचे भांडवल करीत नाही, हेच त्या पुस्तकाचे मोठेपण. मुझफ्फर अली यांच्या चित्रपटात ती बोलकी वृद्धा नाही. तिच्या जागी आहेत शहरयार यांच्या गझला, खय्याम यांचे संगीत आणि आशा भोसले यांचा आवाज.

खय्याम यांनी आशाबाईंना त्यांच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गायला लावले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ज्या आवाजाची चपळाई आणि खट्याळपणा देशाला ठाऊक होता, तो आवाज येथे खोल, सावकाश आणि किंचित थकलेला ऐकू येतो. या चित्रपटासाठी खय्याम आणि आशाबाई या दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार लाभले. दीनानाथ मंगेशकरांच्या घरात वाढलेल्या गायिकेला ठुमरीच्या वळणाचे गाणे अपरिचित नव्हते, हेही जाता जाता नमूद करावयास हवे. गोविंदराव टेंबे यांनी १९११ च्या ‘मानापमान’मध्ये पूरबच्या ठुमऱ्यांच्या चाली मराठी रंगभूमीवर आणल्या होत्याच.

तरीही लखनौच्या कोठ्यावर प्रत्यक्षात असे गाणे ऐकू येत असेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या ऐकल्या म्हणजे ध्वनिवर्धकापूर्वीच्या बैठकीतील आवाजाची कल्पना येते. तो आवाज उंच, खुला, टोकदार आहे. ताना वेगवान आहेत. सुमारे तीन मिनिटांत सारे आटोपून गायिका शेवटी इंग्रजीत आपले नाव ठणकावून सांगते. त्या आवाजात आर्जव आहे, पण कारुण्याची याचना नाही. कानाशी कुजबुजणारा आवाज ही मायक्रोफोनची देणगी आहे. चित्रपटातील उमराव ही १८५७ च्या आसपासची स्त्री असली, तरी तिचा कंठ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे.

यात काही अप्रामाणिकपणा आहे असे नव्हे. परंतु त्याची किंमत मोजावी लागते. उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ यांच्या आवाजातील रागमालेत तालमीची वर्षे झरझर सरतात, आणि त्या स्वरांच्या मोहात ही एका विकल्या गेलेल्या मुलीची कैद आहे याचा प्रेक्षकाला क्षणभर विसर पडतो. झुंबरे, कशिदाकारी, रेखा यांचे डोळे आणि त्यावर ती गझल. एवढे सौंदर्य एकत्र आल्यावर कोठा हे हवेहवेसे स्थळ वाटू लागते. रुसवांची उमराव असा मोह वाचकाला होऊ देत नाही. होऊ लागलाच तर ती एखादे कोरडे वाक्य टाकते.

चित्रपटाला हे भान येते ते अखेरीस, आणि तेही एका गझलेतूनच. उमराव मुजऱ्यासाठी फैजाबादला येते. जेथे नाचावयाचे ते आपल्याच घरासमोरचे आवार आहे हे तिच्या ध्यानी येते. बैठकीचा साज तोच, ठेका तोच, दाद देणारेही त्याच तऱ्हेचे. त्यांच्या दृष्टीने ती नेहमीची एक गझल आहे, विरहाची, रिवाजाला धरून असलेली. पण ती जे विचारते आहे ते समोरच्या दारांना आणि भिंतींना. येथे खय्याम यांनी वाद्यांचा फुलोरा केलेला नाही. चाल जवळजवळ बोलण्यासारखी सरळ चालते, आणि व्यवसायाची भाषा एकदाची खरी होते. आईची भेट होते. भाऊ मात्र तिला उंबरठ्यापासून परत पाठवितो. ती लखनौला येते. कोठा ओस पडला आहे, आरशावर धूळ साचली आहे. ती हाताने धूळ पुसते आणि त्यात पाहते. कादंबरीतील उमराव एव्हाना बोलू लागली असती, रुसवांना तिने एखादा टोमणाही मारला असता.