पत्र आणि नोटीस

आपल्यापैकी कित्येकांची मुले आज इंग्लंडात घरे घेऊन राहतात. घरापुढच्या कुंपणाविरुद्ध तक्रार झाली, की कौन्सिलचे पत्र येते आणि घरात झोप उडते. आम्ही कामगारांना जे सांगत आलो तेच इथेही सांगतो : साधे पत्र म्हणजे नोटीस नव्हे. आधी टेप लावा. तिथल्या २०१५ च्या आदेशाप्रमाणे वाहनांच्या रस्त्यालगत सहसा १ मीटर, एरवी २ मीटर उंचीपर्यंत परवानगी लागत नाही. पण ‘लगत’ म्हणजे किती अंतर, हे आदेशात दिलेले नाही. भांडण जुंपते ते तिथेच! उंची जास्त भरली, तर कापून घ्या किंवा मागाहून परवानगीचा अर्ज करा. खरी नोटीस आलीच, तर ती लागू होण्यापूर्वी अपील पोहोचले पाहिजे. पुढे अपील घेत नाहीत, आणि नोटीस न पाळणे हा तिथे गुन्हा आहे.