जहाजामागची रेष

गोव्याहून मुंबईकडे येताना विमान किनाऱ्याच्या बाजूने आलं, तर डाव्या खिडकीतून अरबी समुद्र बराच वेळ सोबत करतो. उन्हं कलली की लाटांवर नुसती चमचम असते. त्या चमचमीत मला एकदा लांबलचक गुळगुळीत पट्टा दिसला. त्याच्या टोकाला एक जहाज होतं, आणि ते निवांत पुढे चाललं होतं.

तेलाचा पातळ थर पसरला की पाण्यावर बारीक तरंग उठत नाहीत, म्हणून तेवढा भाग तुळतुळीत दिसतो. वारा पडला, शेवाळ माजलं, तरी समुद्र असा दिसू शकतो. पण चालत्या जहाजाला शेपटीसारखी चिकटलेली रेष वारा ओढत नाही.

हवाई टेहळणी करणारे रंगावरून थराची जाडी ताडतात. रुपेरी चमक म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण ४० ते ३०० लिटर तेल. इंद्रधनुषी रंग दिसले, तर ३०० पासून ५००० लिटरपर्यंत. दहा किलोमीटर लांब आणि शंभर मीटर रुंद रेष म्हणजे एक चौरस किलोमीटर. हिशेब तुम्हीच करा.

इंजिनखोलीच्या तळाशी तेलकट पाणी साचतंच. ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार ते गाळून, दहा लाख भागांत तेल १५ भागांहून जास्त नसेल तरच समुद्रात सोडता येतं. इतकं कमी तेल असेल तर सहसा तवंग दिसतच नाही. दिसला, म्हणजे कुणीतरी गाळण्याचा खर्च वाचवला. मला चीड येते ती याची.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली, सुमारे ८०० टन तेल सांडलं. तिवरं काळी पडली, हंगामाच्या तोंडावर लोक मासळीला हात लावेनात. तेव्हा निदान हेलिकॉप्टरं उडाली, चौकशा झाल्या. या रेषेची चौकशी कुणी करत नाही. युरोपात २००७ पासून उपग्रहांच्या रडारचित्रांवरून तवंग हुडकून किनाऱ्यावरच्या देशांना कळवतात, आणि रडारला रात्रीही दिसतं. आपल्याकडे तटरक्षक दलाची डॉर्निअर विमानं गस्त घालतात, पण समुद्र केवढा!

रेष विरली तरी तेल संपत नाही. हलका भाग उडून जातो, उरलेला घट्ट होत त्याचे डांबरी गोळे बनतात. पावसाळी वारे ते गोव्याच्या, कोकणच्या, जुहूच्या वाळूवर आणून टाकतात. ते वेचायला तिथे जहाजवाला येत नाही, गावातली माणसं वाकतात.