टोप्रे घ्यायचा की नाही?

यावलहून बोलतोय. दिवसा कोड, रात्री इनस्क्रिप्टमध्ये मराठी. बोटांना सुट्टीच नाही. म्हणून आजचा प्रश्न: इलेक्ट्रो-कपॅसिटिव्ह कीबोर्ड घ्यावा का?

आधी आत काय असतं ते बघू. नेहमीच्या मेकॅनिकल स्विचमध्ये धातूच्या दोन पात्या टेकल्या की अक्षर उमटतं. जपानच्या टोप्रे स्विचमध्ये तसं काही टेकत नाही. वर रबराचा घुमट, त्याखाली शंकूसारखी स्प्रिंग. बटण दाबलं की स्प्रिंग दबते, कपॅसिटन्स बदलतो आणि सर्किट तो ओळखतं. घासायला पात्याच नाहीत. दाब साधारण 45 ग्रॅम. काही मॉडेलमध्ये 30 किंवा 55.

पण भो, खरी अडचण पुढे आहे. मेकॅनिकलचे चार सुटे स्विच मागवून दाबून बघता येतात. टोप्रेत घुमट, स्प्रिंग आणि सर्किट बोर्ड मिळून स्विच होतो. म्हणजे नमुना बघायला अख्खा कीबोर्डच घ्यायचा! हॅपी हॅकिंगसारखा कीबोर्ड दोनशे डॉलरच्या वर, शिवाय आयातीचा खर्च. एवढे पैसे नुसत्या रिव्ह्यूवर टाकायचे?

त्यात इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, भ सगळे शिफ्टवर. करंगळीला काय वाटतं, हे इंग्रजी रिव्ह्यू सांगत नाहीत.

माझं ठरलंय. आधी कुणाच्या तरी टोप्रेवर मराठीचं एक पान टाइप करणार, मगच पैसे काढणार. पुण्या-मुंबईत कुणाकडे असेल तर कळवा. केळीचे वेफर्स घेऊन येतो!