मांजराची माती

आज बोलायचं आहे मांजराच्या शी-शूविषयी. विषय ऐकून नाक मुरडू नका. मांजर घरात राहणार की पोत्यात घालून तापीपलीकडे सोडलं जाणार, हे पुष्कळदा त्या वासावरच ठरतं.

पूर्वी मागच्या दारी मोकळी जागा असायची. मांजर आपलं आपण खड्डा करायचं, उरकायचं आणि वर माती लोटायचं. आता नंदुरबार-शहाद्यातही अंगणात फरशी आली, फ्लॅट आले. मांजराची सवय मात्र तीच. त्याला उकरायला भुसभुशीत काहीतरी हवंच.

बाजारात त्यासाठी ‘कॅट लिटर’ मिळतं. अमेरिकेत १९४७ साली एडवर्ड लोव यांनी शेजारणीला मुलतानीच्या जातीची शोषक माती दिली, तिथून हा धंदा सुरू झाला. आजचं गोळे धरणारं लिटर बहुधा बेंटोनाइट मातीचं असतं. शेजारच्या गुजरातेत, कच्छमध्ये, तिच्या खाणी आहेत. ती काम चोख करते, पण पिशवी पुन्हापुन्हा विकत घ्यावी लागते. शिवाय ती कुजत नाही. खाणीतून निघाली की कचऱ्याच्या ढिगावर कायमची.

मग स्वस्तातलं काय? सुताराकडचा भुसा. तो ओल शोषतो, वासही थोडा दाबतो आणि पुढे कुजतो. मात्र तो साध्या लाकडाचा हवा. प्लायवूडचा किंवा पॉलिश केलेल्या लाकडाचा नको. चाळून बारीक धूळ काढा, नाहीतर मांजरही शिंकेल आणि तुम्हीही. नवापूरकडे भाताचं तूस मिळेल, पण ते एकटं ओल फारशी धरत नाही. वाळलेल्या मातीत मिसळा. चुलीची राख ओली झाली की पंजांना झोंबते. वाळू नदीतच राहू द्या. आणि खास आपल्या गावासाठी सूचना : भुसा आणायला मिरचीचं रिकामं पोतं नेऊ नका!

जुन्या टबात तळाला वर्तमानपत्र, वर दोन इंच भुसा, एवढं पुरतं. बदल एकदम करू नका. आठ-दहा दिवस जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत जा.

आमच्यात मांजराला मान आहे. प्रेषितांचे एक सोबती अबू हुरैरा, म्हणजे ‘पिल्लाचे बाप’, या नावानेच ओळखले जातात. तरीही सून गरोदर राहिली की मांजर हाकलणारी घरं मी पाहिली आहेत. भीती टोक्सोप्लाझ्मा या जंतूची असते, आणि ती खोटी नाही. पण मांजराच्या विष्ठेतले हे जंतू बाधक व्हायला साधारण एक ते पाच दिवस लागतात. म्हणून टब रोज साफ करायचा, आणि ते काम गरोदर बाईने नव्हे, घरातल्या पुरुषांनी करायचं. न धुतलेली भाजी आणि अर्धकच्चं मांस यांतूनही हा जंतू येतो, तिकडेही लक्ष हवं.

घाण गटारीत टाकू नका. जागा असेल तर फुलझाडाशी खोल पुरा, भाजीच्या वाफ्यात नको. घंटागाडीत द्यायची तर कागदात नीट गुंडाळून द्या. ती उचलणारेही माणसंच आहेत.

भुसा स्वस्तात मिळेल. रोजची पाच मिनिटं मात्र कुणाला तरी द्यावी लागतील. ती कोण देणार, हे मांजर आणण्याआधी घरात ठरवा.