गीझर बाथरूमच्या बाहेर



विषय ‘घरातली सुरक्षितता’ असा मोठा दिलाय. मी एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे. बाथरूममध्ये टांगलेला गॅस गीझर.

थंडी पडली की फजरच्या आधी वजूचं पाणी, मग एकामागून एक सगळ्यांच्या आंघोळी. गार वारा येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा. अम्मी म्हणते, गॅस गळला तर वास येईलच की! गळला तर येईल, तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. पण इथे गॅस गळत नाही, जळतोय. हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास.

आपण इंजिनिअर मंडळी, हिशेबच करू. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गीझर १० मिनिटांत साधारण १५० ग्रॅम गॅस जाळतो. त्याला सुमारे २,००० लिटर हवा लागते. ४ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये हवाच असते ५,४०० लिटर. आणि ही फक्त पहिली आंघोळ झाली.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. आतून कडी लावलेली असते आणि ती काढायचंही त्राण उरत नाही. बाहेरच्यांना वाटतं, आज जरा जास्तच वेळ लागतोय.

कोणी असं सापडलं तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ला फोन करा. दवाखान्यात आधी ‘गॅस गीझर’ हे दोन शब्द सांगा. कारण बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही. रक्त कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं असतानाही तो ९८ दाखवू शकतो. मला यातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट हीच वाटते. लागतो तो ऑक्सिजन, तोही लवकर.

उपाय कंटाळवाणा आहे. गीझर मोकळ्या बाल्कनीत लावायचा आणि आत फक्त पाण्याचा पाइप आणायचा. तोवर बादली भरायची, गीझर बंद करायचा, थोडा वेळ दार उघडं ठेवायचं, मगच आंघोळ. बाजारातला गॅस लीक अलार्म यासाठी चालत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर वेगळा असतो, घेताना नीट वाचून घ्या.

भाड्याच्या घरात मालक म्हणेल, इतकी वर्षं काही झालं नाही. अब्बाही तेच म्हणतील. पण घरात वायफाय बंद पडलं की हाक तुम्हालाच मारतात ना? मग हेही तुम्हीच सांगा. पाइप वाढवायचा खर्च मालक देत नसेल तर आपण देऊ. खिडकीवरचा पुठ्ठा मात्र आज घरी गेल्यावर लगेच काढा.