भुई हलली, हद्द हलली नाही



मी मोजणीच्या कामावर साखळी ओढलीय. मोजणीदार आधी हद्दीचा दगड शोधतो, मग पुढचं सगळं त्यावरून मोजतो. पण भूकंपात जमीन दगडासकट सरकली, तर? न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चला २०१०-११ च्या भूकंपांत तेच झालं. कागदावरची हद्द एकीकडं, कुंपण दुसरीकडं. शेवटी २०१६ साली कायदा करावा लागला : भूकंपानं जमीन सरकली, तर हद्दही तिच्याबरोबर सरकली असं धरायचं.

आता आपल्याकडं या. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. पहाटे दगडमातीच्या भिंती कोसळल्या. त्यांनी पाटील ओळखला नाही की महार-मांग ओळखला नाही. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. कोरी जमीन, नवी आखणी. आणि घर कशावर मोजलं? सातबाऱ्यावर! भूमिहीनाला २५० चौरस फूट, सात हेक्टरांच्या वरच्याला ७५०.

तिथं हद्द जमिनीच्या मागं गेली. इथं घर जमीनवाल्याच्या मागं गेलं. ज्याच्या नावावर हद्दीचा दगडच नाही, त्याचं काय सरकणार?

दोस्तहो, भूकंपानं भुई हलवली. ही हद्द मात्र आपल्यालाच हलवावी लागणार आहे.